व्हॅनमध्ये राहताना मेणबत्ती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही दोघं गेली सहा वर्षं व्हॅनमध्ये राहतो. पहिल्या थंडीत मेणबत्त्यांचा अख्खा खोका सोबत घेतला होता. आता महिन्याला जेमतेम एखादी संपते. नव्यानं गाडीत राहायला लागलेली माणसं आम्हाला जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. मध्येमध्ये माझी मतंही डोकावतील, ती ओळखू येतीलच.

व्हॅनमध्ये मेणबत्ती लावली तर चालते का?

चालते. गाडी उभी हवी, तुम्ही जागे हवेत, ज्योत डोळ्यांसमोर हवी आणि काम तासा-दीड तासाचं हवं. यातलं एक जरी जमणार नसेल तर लावू नका. उजेड आणि ऊब या दोन्हींसाठी मेणबत्तीहून चांगल्या वस्तू मिळतात. बाहेर पाऊस धरून बसलेला असताना आत बरं वाटावं एवढाच तिचा खरा उपयोग.

घरात इतकी वर्षं लावतोच की. गाडीत एवढा बाऊ कशाला?

अंतरामुळे. गाडीत ज्योतीपासून लांब असं काही नसतंच. मेणबत्ती जिथे ठेवायचा विचार आहे तिथे बसा आणि हात चारी बाजूंना फिरवून बघा. पडदा, उशी, वाळत घातलेला टॉवेल, कागदी रुमालांची गुंडाळी, छताखालच्या जाळीत कोंबलेले स्वेटर, सगळं हाताला लागेल. पेटू शकणाऱ्या कुठल्याही वस्तूपासून ज्योत निदान ३० सें.मी. लांब हवी, म्हणजे साधारण दीड वीत. हे झालं बाजूंचं. वरच्या दिशेला दीड वीत अजिबात पुरत नाही, कारण ज्योतीची बहुतेक उष्णता सरळ वर जाते. तळहात ज्योतीच्या बाजूला वीतभर अंतरावर धरलात तर जेमतेम कोमट लागतो. तोच तेवढ्याच उंचीवर ज्योतीच्या वर धरून बघा, दोन सेकंदांत काढून घ्याल. म्हणून वरच्या कपाटाखालची फळी बाद.

आमची गोष्ट सांगतो. मेणबत्ती टेबलावर, पडदा चांगला हातभर लांब. मी बाहेरून सरकता दरवाजा उघडला, माझ्याबरोबर वारा आत शिरला आणि पडद्याचं टोक ज्योतीवरून एकदाच गेलं. एकदाच. कापड कृत्रिम धाग्याचं होतं, त्यामुळे भडका उडाला नाही. ते आक्रसलं, वितळलं आणि त्याचा एक काळा थेंब गादीवर पडला. तो पडदा आम्ही अजून वापरतो. भोकाची कड नखानं वाजवली तर टकटक आवाज येतो. तेव्हापासून अंतर मोजताना पडदा वाऱ्यानं जिथवर उडेल तिथून मोजतो, लटकतो तिथून नाही.

दुसरी गोष्ट भिंतींची. बहुतेक व्हॅनमध्ये प्लायच्या मागे फोम असतो. पॉलियुरेथेन फोम पेटला की धुरात हायड्रोजन सायनाइडसारखे विषारी वायू असतात, आणि आठ-दहा घनमीटरच्या जागेत तो धूर भरायला वेळ लागत नाही.

मेणबत्तीनं गाडी गरम होते का?

हिशेबच करू. मध्यम आकाराची मेणबत्ती तासाला साधारण ६ ग्रॅम मेण जाळते. एक ग्रॅम पॅराफिन मेणातून सुमारे ४२ किलोज्यूल उष्णता निघते. म्हणजे एक मेणबत्ती झाली सुमारे ७० वॉटची. नुसता बसलेला माणूस सुमारे १०० वॉट उष्णता टाकत असतो. थोडक्यात, मेणबत्तीपेक्षा शेजारी बसलेलं माणूस जास्त ऊब देतं.

गाड्यांमध्ये बसवतात तो छोटा डिझेल हीटर २ किलोवॉटचा असतो. त्याची बरोबरी करायला २८-२९ मेणबत्त्या लागतील. शिवाय हीटरचा धूर नळीनं बाहेर जातो. मेणबत्तीचं सगळं आतच राहतं.

दोन लिटर गरम पाण्याची रबरी पिशवी ८० अंशांवरून ३५ अंशांवर येईपर्यंत जेवढी उष्णता देते, तेवढी द्यायला मेणबत्तीला दीड तास जळावं लागतं. आणि पिशवीची ऊब थेट पांघरुणात, पायांशी मिळते. पिशवीचं झाकण तेवढं घट्ट लावा.

टी-लाइटवर (पत्र्याच्या वाटीतली छोटी, बसकी मेणबत्ती) मातीची कुंडी उपडी ठेवून हीटर करतात म्हणे. करून बघू का?

नका करू. या प्रश्नावर माझं उत्तर कधी मऊ पडत नाही.

कुंडी उष्णता तयार करत नाही. चार टी-लाइटमधून जेवढी निघणार तेवढीच निघते, फक्त आधी कुंडी तापते आणि मग हळूहळू हवा. हात लावला की कुंडी चटका देते आणि माणसाला वाटतं, केवढी ऊब आहे! गाडीचं तापमान मोजा, फसगत लगेच कळेल.

खरा धोका खाली असतो. टी-लाइट एकमेकींना खेटून ठेवल्या आणि वर झाकण घातलं की त्या एकमेकींना तापवतात. एरवी वातीभोवती मेणाचं छोटंसं तळं असतं. इथे वाटीतलं सगळं मेण पातळ होतं, मग त्याची वाफ व्हायला लागते, आणि साधारण दोनशे अंशांच्या पुढे गेलं की वातीची गरजच उरत नाही. मेणाचा अख्खा पृष्ठभाग पेट घेतो. ज्योत बोटभराची हातभर होते. अशा वेळी घाबरून कुणी पाणी ओतलं तर त्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि जळतं मेण छतापर्यंत उडतं.

कुंडी नसली तरी टी-लाइट एकमेकींपासून किमान चार-पाच बोटं लांब ठेवा. खरं तर गाडीत एका वेळी एकच पुरे.

कार्बन मोनॉक्साईडचं काय?

नीट, शांत जळणारी मेणबत्ती हा वायू फारच थोडा तयार करते. गाडीत तो येतो मुख्यतः दुसऱ्याच गोष्टींमधून: गॅसची शेगडी उबेसाठी तासन्तास चालू ठेवणं, विझत आलेल्या कोळशाची शेगडी आत आणणं, हीटरची गळकी धूरनळी, शेजारी उभ्या गाडीचं चालू इंजिन, जनरेटर. वायूला रंग नाही, वास नाही. म्हणून मेणबत्ती लावा न लावा, अलार्म हवाच. घेताना त्यावर ईएन ५०२९१-२ हे युरोपीय मानक लिहिलंय का बघा. शेवटचा २ म्हणजे मानकाचा दुसरा भाग, तो खास राहत्या गाड्या आणि बोटींसाठी आहे, त्यात हादऱ्यांचा विचार केलेला असतो. झोपायच्या जागेजवळ, त्याच्या पुस्तिकेत सांगितलेल्या उंचीवर लावा. बटण दाबून महिन्यातून एकदा तरी वाजवून बघा, आणि मागे छापलेली मुदत संपली की बदला. आतला संवेदक कायमचा नसतो. धुराचा अलार्म वेगळा, तोही हवा.

हवा खराब झाली तर मेणबत्ती आपोआप विझेल ना? तोच इशारा समजायचा का?

हा गैरसमज जिवावर बेतणारा आहे. हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के असतो. तो साधारण १६ टक्क्यांवर आला की मेणबत्ती विझते. कार्बन मोनॉक्साईडला ऑक्सिजन कमी व्हायची वाट बघावी लागत नाही. हवेच्या दहा लाख भागांत त्याचे ४०० भाग झाले तरी तास-दोन तासांत डोकं ठणकायला लागतं आणि तीन तासांच्या पुढे जिवाला धोका असतो. तेव्हाही मेणबत्ती छान तेवत असते.

खाणकामगारांना हा फरक पक्का ठाऊक होता. ऑक्सिजन कमी झाला की ज्योत मंदावते हे ते बघत, पण कार्बन मोनॉक्साईडसाठी त्यांना पिंजऱ्यातले कॅनरी पक्षी लागत, ते माणसाच्या आधी गळून पडत. ब्रिटनच्या खाणींत ते पक्षी १९८६ पर्यंत होते. ज्योतीवर काम भागलं असतं तर पक्षी कशाला सांभाळले असते?

डोकं दुखणं, गरगरणं, मळमळ, विनाकारण गळून जाणं, आणि हे दोघांनाही एकाच वेळी होत असेल तर दार उघडून बाहेर पडा. आधी बाहेर, मग विचार. आणि बाहेर आल्यावर बरं वाटलं म्हणून परत आत जाऊन झोपू नका. मदत बोलवा, डॉक्टरांना दाखवा.

हवेसाठी किती फट ठेवायची?

६ ग्रॅम मेण जळलं की सुमारे १९ ग्रॅम कार्बन डायऑक्साईड तयार होतो, म्हणजे १० लिटर. स्वस्थ बसलेला माणूस तासाला साधारण १५ ते २० लिटर सोडतो. तेव्हा मेणबत्ती म्हणजे गाडीत आलेला अर्धा पाहुणा समजा. १० घनमीटरच्या गाडीच्या सगळ्या फटी बुजवल्या तर तासाभरात एकटी मेणबत्ती दहा लाखांत हजार भागांची भर घालते. तुम्ही दोघं तर त्याच्या तिप्पट-चौपट घालता. यानं लगेच काही होत नाही, पण हवा कोंदते, डोळे जडावतात, आणि मेणबत्ती पेटती असताना तेच नको असतं.

छताचा झरोका दोन बोटं आणि समोरच्या बाजूची खिडकी एक बोट उघडी ठेवा. एकाच फटीतून हवा खेळत नाही. छताचा पंखा मात्र मंद ठेवा, जोरात लावला की ज्योत फडफडते आणि काजळी धरते. कायमच्या झरोक्यांत थंडीसाठी कापड कोंबलेलं असेल तर आधी ते काढा.

मेणबत्तीमुळे काचांवर पाणी धरतं का?

थोडं. एक ग्रॅम मेणातून सव्वा ग्रॅमहून जास्त पाणी निघतं, म्हणजे तासाला ८ ग्रॅम. मायकेल फॅरडे यांनी १८६०-६१ च्या नाताळच्या सुट्टीत लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांना हेच करून दाखवलं होतं. बर्फ-मीठ भरलेलं भांडं ज्योतीवर धरलं की बुडाला थेंब जमतात. गार चमचा धरलात तरी क्षणभर धुकं दिसेल. पण झोपलेला माणूस नुसत्या श्वास आणि घामातून तासाला याच्या कितीतरी पट पाणी टाकतो. सकाळी काच पुसताना मेणबत्तीला शिव्या देण्यात अर्थ नाही.

कोणत्या प्रकारची घ्यावी?

बसकी, रुंद बुडाची, झाकण असलेल्या पत्र्याच्या डब्यातली. उंच, सडपातळ मेणबत्ती गाडीत आणूच नका. कुणी नुसतं कुशीवर वळलं तरी गाडी हलते. पातळ काचेचा ग्लास तळाशी तापून तडकतो, म्हणून काचेतली मेणबत्ती शेवटचं बोटभर मेण राहिलं की संपली असं समजा.

याहून चांगला म्हणजे स्प्रिंगचा कंदील. धातूच्या नळीत मेणबत्ती असते, खालून स्प्रिंग तिला वर ढकलते, ज्योत कायम त्याच उंचीवर आणि भोवती काच. मेण सांडत नाही. आमच्याकडे हाच आहे. वरचं झाकण मात्र सपाटून तापतं. एकदा हात लावलात की कायमचं लक्षात राहतं.

सुगंधी मेणबत्तीबद्दल माझं मत वाईट आहे. एवढ्याशा जागेत तो वास डोक्यात जातो, आणि डोकं दुखलं की ते वासानं की वायूनं हे कळत नाही. सिट्रोनेलाच्या, डास पळवायच्या मेणबत्त्या बाहेर उघड्यावर लावायच्या असतात.

उन्हाळ्याचाही विचार करा. सोया मेण ५० अंशांच्या आसपास वितळतं, मधमाश्यांचं ६२ ते ६४, पॅराफिन प्रकारानुसार ४६ ते ६८. उन्हात बंद उभी गाडी सहज पन्नाशी गाठते. आमच्या पहिल्या खोक्यातल्या मेणबत्त्या एका दुपारी कंबरेत वाकल्या आणि एकमेकींना चिकटून त्यांची एक जुडी झाली. आता त्या पत्र्याच्या डब्यात, सगळ्यात खालच्या कप्प्यात असतात.

ठेवायची कुठे?

भांडी घासायच्या स्टीलच्या सिंकमध्ये. सुंदर दिसत नाही, पण चारी बाजूंना धातूच्या भिंती असतात, कलंडली तरी मेण आतच राहतं आणि कुणाच्या कोपराचा धक्का लागत नाही. वर मोकळं छत आणि शेजारी पडदा नाही एवढं बघा. सिंक नसेल तर काठ असलेला धातूचा ताट-तसराळा घ्या आणि तळाशी वाळू पसरा. गाडी उताराला उभी असेल तर मेण एका बाजूला वाहतं, वात उघडी पडते आणि ज्योत भलतीच मोठी होते. त्या दिवशी राहू द्या. जमिनीवर, गादीवर, डॅशबोर्डवर नको.

वात कापावी लागते का?

हो, दर वेळी लावण्याआधी ६ मिलिमीटरवर. टोकाला काळं बोंड धरलं असेल तर ते आधी काढा. छतावरच्या काजळीचं कारण बहुतेक वेळा लांब वात हेच असतं.

गाडी चालवताना मागे लावलेली चालेल?

नाही.

झोपताना एक छोटीशी?

नाही, टी-लाइटसुद्धा नाही. बहुतेक गाड्यांत पलंग आडवा असतो आणि दार त्याच्या पलीकडे. आग मध्ये लागली तर तुम्ही चुकीच्या बाजूला असता. ठरवून कुणी मेणबत्ती पेटती ठेवून झोपत नाही, पुस्तक छातीवर ठेवून डोळा लागतो तेव्हा हे घडतं. दमलेले असाल, दोन घोट घेतले असतील, तर त्या रात्री काडीच ओढू नका. आमच्यात एक रीत पडली आहे: स्लीपिंग बॅगची चेन उघडायच्या आधी मेणबत्ती विझलेली असते. चेनचा आवाज आला आणि ज्योत दिसत असली की दुसऱ्यानं नुसतं "अगं!" किंवा "अरे!" म्हणायचं.

याच्याच जोडीला, डोळे मिटून पलंगावरून दारापर्यंत जाऊन ते उघडून बघा. मध्ये सायकल, बूट, पाण्याचा कॅन असेल तर तो रोज रात्री हलवा. मागचं दार आतून उघडतं का हेही एकदा तपासा. काही मालवाहू व्हॅनमध्ये ते उघडतच नाही.

गॅस सिलिंडर आणि बॅटरी आत आहेत. अडचण?

एलपीजी हवेपेक्षा जड असतो, प्रोपेन दीडपट आणि ब्युटेन दुप्पट. गळती झाली तर तो जमिनीलगत पसरतो. जमिनीवर ठेवलेली मेणबत्ती सगळ्यात वाईट ती यामुळे. वास आला तर ज्योत नको, दिव्याचं बटणही नको. सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा, दारं उघडा आणि बाहेर पडा. लेड-ॲसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते. तो हलका, वर जातो, आणि हवेत ४ टक्के झाला की पेटू शकतो. तिच्या कप्प्याची हवा बाहेर जायलाच हवी. हातावर अल्कोहोलचं सॅनिटायझर चोळून लगेच काडी ओढू नका. त्याची ज्योत उजेडात दिसतसुद्धा नाही. स्प्रेचे डबे ज्योतीपासून लांब.

पेटलंच तर?

डब्यातलं मेणच भडकलं असेल तर झाकण ठेवा किंवा फायर ब्लँकेट (आग दाबायचं, न पेटणारं कापड) टाका आणि गार होईपर्यंत उचलू नका. पाणी नाही. पेटता डबा हातात घेऊन दाराकडे पळणं तर मुळीच नाही. मेण हातावर येतं, हात झटकला जातो आणि आग गादीवर.

पडदा किंवा गादी पेटली असेल तर आधी सगळ्यांनी बाहेर. अग्निशामक दाराजवळच टांगलेला हवा, म्हणजे पाठीशी वाट मोकळी ठेवून वापरता येतो. एक प्रयत्न करा. विझली नाही तर गाडी सोडा, लांब व्हा, अग्निशमन दलाला फोन करा. आत गॅसचं सिलिंडर आहे हे त्यांना सांगा.

अंगावर गरम मेण सांडलं तर वाहत्या गार पाण्याखाली २० मिनिटं. बर्फ नको, टूथपेस्ट नको. अंगठी, घड्याळ लगेच काढा. चिकटलेलं मेण ओरबाडू नका. गाडीतलं पाणी संपत आलंय म्हणून दोन मिनिटांत आटोपू नका, पिण्याचं वापरा.

फुंकर मारून विझवली तर?

मेणाचे शिंतोडे उडतात. झाकण ठेवून विझवा. विझल्यावर निघणारा पांढरा धूर म्हणजे मेणाची वाफ असते. त्या धुराला बोटभर वर पेटती काडी लावली तर ज्योत धुरावरून खाली उडी मारून वातीला धरते. मुलांना दाखवायला मजेचा प्रयोग, बाहेर करा. वातीचं लाल टोक काळं पडेपर्यंत जागेवरून उठू नका.

बर्फात अडकलो आणि हीटर बंद पडला तर?

तेव्हा मेणबत्ती कामाची. उंच काठाच्या डब्यात एकच, वाऱ्याच्या विरुद्ध बाजूची काच बोटभर उघडी, आणि पाळीपाळीनं एक जण जागा. सगळ्यांनी पुढच्या भागात एकत्र बसा आणि मागचा भाग ब्लँकेट टांगून वेगळा करा, पण ते मेणबत्तीपासून पुरेसं लांब. इंजिन चालू करायचं असेल तर आधी उतरून सायलेन्सरचं तोंड बर्फानं बुजलेलं नाही ना, ते हातानं मोकळं करून या.

मग एलईडीची खोटी मेणबत्ती?

आम्ही बहुतेक रात्री तीच लावतो. खऱ्या मेणबत्तीचा प्रकाश साधारण १२ ल्यूमेन. एक वॉटचा एलईडी शंभराच्या आसपास देतो. पिवळसर रंगाचा घ्या, पांढरा घेतलात तर दवाखान्यात बसल्यासारखं वाटतं. मांजर असेल तर हा प्रश्न तसाही सुटलेला आहे. शेपटीची उंची आणि ज्योतीची उंची नेमकी सारखी असते.

गादीवर, प्लायवर सांडलेलं मेण कसं काढायचं?

गार होऊ द्या. प्लायवरचं जुन्या प्लास्टिक कार्डाच्या कडेनं खरवडा, धातूचा सुरा नको, लाकूड ओरखडतं. कापडावरचं आधी बर्फाच्या पिशवीनं कडक करून मोडून काढा. उरलेल्या डागावर कोरा, छपाई नसलेला कागद ठेवा आणि गरम पाणी भरलेलं सपाट बुडाचं पातेलं त्यावरून इस्त्रीसारखं फिरवा. कागद मेण पितो. तो बदलत राहा. रंगीत मेणाचा डाग यानंही पूर्ण जात नाही. आमच्या गादीवर एक लालसर ठिपका अजून आहे, त्या काळ्या थेंबापासून वीतभर अंतरावर.